गिरणेचं पाणी आणि रेवाचं उदात्त

गुरुवारी सकाळी आमच्या भडगावच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता. धरणातून पाणी सुटलंय, नदीपात्रातल्या पाणी उपसायच्या मोटारी आणि गुरंढोरं काढून घ्या... मी लगेच दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. भर उन्हाळ्यात गिरणेला पाणी येणार म्हटल्यावर इथे धंद्यात लक्ष कुणाचं लागतंय!

घरात मात्र वातावरण तंग होतं. आमची रेवा नाशिकला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात ती बॅग घेऊन घरी आली आणि म्हणाली, मी आता परत जाणार नाही.

झालं असं, की फायनल प्रोजेक्टला तिने विषय घेतला होता 'उदात्त'. मला वाटलं, साधुसंतांचं काहीतरी असेल... मग तिने समजावलं. एखादी गोष्ट इतकी अफाट असते की तिच्यापुढे आपण किडामुंगी होतो, भीती वाटते आणि ऊरही भरून येतो. दोन्ही एकदम. वादळी समुद्र, बर्फाचे कडे, असं काहीतरी. अट एकच, आपण स्वतः सुरक्षित अंतरावर पाहिजे. बुडणाऱ्याला समुद्र उदात्त वाटत नाही म्हणे.

तर तिने समुद्र काढला. मोठाच्या मोठा, निळा-काळा. सरांनी तो बघितला आणि एवढंच विचारलं, यात तू कुठे आहेस?

पोरीने ते मनाला लावून घेतलं. "पप्पा, आपल्याकडे काय आहे उदात्त? सहा महिने वाळू आणि सहा महिने धूळ." यावर मी, मग माझी उधारीची वही काढ, तीही अफाट आहे, असा विनोद केला आणि तो चांगलाच अंगाशी आला. त्यानंतर बाईसाहेब माझ्याशी बोलायच्याच बंद झाल्या.

सोमवारी चित्र जमा करायची शेवटची तारीख. रंगांचा डबा बॅगेतून बाहेरही आला नव्हता. बायको आणि मी आळीपाळीने तिच्या खोलीत चहा नेऊन ठेवायचो आणि थंड झालेला परत आणायचो. चार वर्षांची मेहनत अशी वाया जाणार का, या विचाराने माझा जीव खालीवर होत होता.

तेवढ्यात अक्का आली. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, मागच्याच गल्लीत राहते. हातात ताट, ताटात हळद-कुंकू, खण, नारळ... आणि पायात नव्याकोऱ्या चपला. दारातूनच ओरडली, "रेवा, चाल व माय! पानी ई ऱ्हायनं!"

उन्हाळ्यातलं पाणी आलं की आमच्या गल्लीतल्या बायका पुलावरून बघत बसत नाहीत. काठाकाठाने कोरड्या पात्रात उतरतात आणि पाण्याला सामोऱ्या जाऊन तिथेच नदीची ओटी भरतात. हा पूर नव्हे, पाणी माणसाच्या चालीने येतं. पण पाणी ते पाणीच, त्याचा भरवसा काय...

रेवा आली खरी, पण पुलावरच थांबली. इथून सगळं नीट दिसतं म्हणाली आणि तिने मोबाईल काढला. मीही तिच्या शेजारी उभा राहिलो. खाली वाळूत बायकांची रांग, रांगेत पुढे अक्का, आणि पाण्याचा पत्ता नाही.

वाळू उपसून झालेले खड्डे भरत भरत यायचं, म्हणजे वेळ लागणारच. पुलाच्या कठड्याला हात लावला तर चटका बसत होता. निम्मी माणसं कंटाळून निघून गेली. मीही घरी जाऊ या म्हणणारच होतो...

आणि आवाज आला. दिसत काहीच नव्हतं. वाळलेल्या पाचोळ्यातून कुणीतरी चालत यावं तशी नुसती सळसळ. मग वळणावर एक काळपट रेघ दिसली, या काठापासून त्या काठापर्यंत. फेस, काटक्या, पालापाचोळा पुढे ढकलत ती येत होती आणि तिच्यापुढे बगळे तुरूतुरू चालत होते.

अक्काने खालून हाक मारली, "अशी दूरथीन काय देखस व? पाव्हनी घर उनी ते खिडकीमाईन देखतस का?"

पाहुणी घरी आल्यावर तिला खिडकीतून बघतात का, हे ऐकून मला वाटलं, आता रेवा चिडणार. तिने मोबाईल माझ्या हातात कोंबला आणि पळत सुटली. "जपून गं" म्हणून मी वरून ओरडत राहिलो, पण ऐकतंय कोण!

ती अक्काचा हात धरून उभी राहिली. पाणी आलं, घोट्यांना लागलं, बायका किंचाळल्या, हसल्या. रेवाने वाकून खण पाण्यात सोडला. त्याच पाण्याबरोबर अक्काने मागे काढून ठेवलेल्या चपलाही गेल्या. अक्काने गिरणामाईला आधी हळद-कुंकू वाहिलं आणि मग मनसोक्त शिव्या दिल्या. रेवा पोट धरून हसत होती... किती दिवसांनी.

घरी येताना म्हणाली, "पप्पा, ते सुरक्षित अंतराचं मला नाही पटत आता. मी घाबरले होते. तरी हलावंसं वाटलं नाही." संध्याकाळी रंगांचा डबा उघडला.

चित्रात जवळजवळ सगळी वाळूच आहे. वरच्या बाजूला एक बारीक काळी रेघ, आणि खाली पाठमोऱ्या बायका. त्यातली शेवटची रेवा, हे मला ओढणीवरून कळलं. पाणी नीट दिसतसुद्धा नाही, तरी माझ्या अंगावर काटा आला. सरांना आवडेल का, ते देव जाणे. तिने मला विचारलंही नाही.

काल तिला नाशिकच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून हात हलवत होती, मांडीवर गुंडाळलेलं चित्र. बस स्टँडबाहेर वळली आणि मला भीती वाटली, ऊरही भरून आला. दोन्ही एकदम. सुरक्षित अंतर म्हणाल, तर बापाला ते कुठून सापडायचं...

गिरणामाई, तुझे उपकार झाले. अक्काच्या चपला राहू दे तुझ्याकडेच, मी तिला नव्या घेऊन देतो.