मूठभर गाळ

वाराणसीला मी निघाले ती पुण्य मिळवायला नव्हे, हे आधीच सांगून टाकते. मी निघाले ती तोंड लपवायला.

झालं असं, की मार्चमध्ये माझी मुलगी मुक्ता मला थायलंडच्या एका बेटावर घेऊन गेली होती. दोघींनी मिळून स्कूबा डायव्हिंग शिकायचं, असा तिचा बेत. मी नाशिकच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, प्रवाळांच्या आकृत्या फळ्यावर काढून काढून हात दुखले. एकदा खरी प्रवाळं बघावीत म्हणून मीही हुरळून हो म्हटलं. रबरी पोशाख चढवला, पाठीवर हवेची टाकी घेतली, चष्मा काढून ठेवला आणि पाण्याखाली गेले. माझा चष्मा उणे सहाचा. तो नसला की वीतभर अंतरापलीकडचं सगळं विरघळून जातं. खाली चारी बाजूंनी नुसता निळा धूर, आणि त्यात कुठेतरी माझी मुलगी. त्यातच शिक्षकाने खूण केली, की आता मास्कमध्ये थोडं पाणी येऊ द्या आणि नाकाने फुंकून ते बाहेर काढा. पाणी डोळ्यांना लागलं मात्र, मी त्या बिचाऱ्याच्या पोटात लाथ हाणून वर पळाले. पुढचे तीन दिवस नावेत बसून लोकांच्या चपला राखल्या. त्याचं मला एवढं वाटलं नाही. मुक्ताने मात्र माझ्यामागोमाग शिकणं सोडून दिलं, “तू नाहीस तर मला मजा नाही” म्हणाली, ते मनाला फार लागलं.

ऑक्टोबरात तिचा फोन आला. फेब्रुवारीत ती नोकरीसाठी कॅनडाला जाणार होती. त्याआधी पुन्हा एकदा त्याच बेटावर जाऊ, म्हणाली. “तू नुसती किनाऱ्यावर बस हवं तर, आई. पण ये.” पंधरा दिवसांत कळवायचं होतं. मी म्हटलं, सांगते, आणि दुसऱ्या दिवशी काशीचं तिकीट काढून आले. तिथे दूधविनायक मोहल्ल्यात माझी आतेबहीण कुंदाताई राहते. कित्येक वर्षं बोलावत होती. कुठेतरी जाऊन विचार करू, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला नाही म्हणायला धीर होत नव्हता.

कुंदाताई गल्लीच्या तोंडाशीच उभी होती. तिचा जन्म, शाळा, लग्न, सगळं याच गल्ल्यांतलं. कुटुंब चार पिढ्यांपूर्वी पुण्याकडून इकडे आलं. घरात मराठी आणि बाहेर हिंदी, असा पूर्वी रिवाज होता म्हणे; आता हिंदी पार स्वयंपाकघरापर्यंत पोचली आहे.

“आलीस! रस्त्यात परेशानी नाही ना झाली? जरा किनाऱ्यानं चल, पुढे सांड उभा आहे. आणि चष्मा संभाळ, इथले बंदर सरळ चष्माच ओढतात.”

माकडांपासून मी चष्मा वाचवला. गंगेपासून वाचला नाही, पण ते पुढे येईलच.

तिच्या घरी आमटीला गूळ आणि गोडा मसाला अगदी आपल्यासारखा, आणि ताटात शेजारी बनारसी कचौडी. सकाळी ती मला मलइयो (दुधाचा केशरी फेस, मातीच्या कुल्हडात मिळतो) खायला घेऊन गेली. चमचा तोंडात घातला आणि तो गेला कुठे तेच कळेना. मी दुसरा मागवला, तिसराही मागवला. कुंदाताई म्हणाली, “आराम से खा गं, घाटाच्या पायऱ्या उतरायच्यात.”

त्या पायऱ्या म्हणजे पंचगंगा घाटाच्या. कार्तिक चालू होता. वर मशिदीची भिंत, खाली उभ्या चढणीच्या पायऱ्या आणि त्यांवर उंच बांबू, टोकाला वेताच्या टोपल्या टांगलेल्या. संध्याकाळी त्यांत दिवे लागतात. कार्तिकस्नानाला आलेल्या बायका एकमेकींचे हात धरून पाण्यात उतरत होत्या. सहासष्ट वर्षांच्या कुंदाताईने पदर खोचला, नाक धरलं आणि तीन बुड्या मारून ती वर आलीसुद्धा.

मी गुडघाभर पाण्यात उभी राहून तांब्याने अंगावर पाणी घेतलं.

“तांब्यानं? मग घरीच न्हायचं होतंस की!” ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की शेजारच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. मी ओशाळून आणखी एक तांब्या भरायला वाकले, आणि नाकावरचा चष्मा घसरून डुबुक्कन पाण्यात गेला.

घाट, बायका, बांबू, मशीद, सगळं एका क्षणात पुसलं गेलं. मी तिथेच थिजून उभी राहिले. कुंदाताईने मात्र लगेच हाक मारली, “लल्लन भैया! ज़रा आइए तो, चष्मा गिर गया इनका!”

जवळच्या नावेतून एक गृहस्थ उतरले; मला ती नुसती एक काटकुळी सावली दिसली. पुढे नीट दिसले तेव्हा कळलं, साठीचे असावेत. कमरेला गमछा. लल्लन हे इथले गोताखोर, म्हणजे बुडी मारून पाण्यातल्या वस्तू काढणारे. यात्रेकरूंच्या किल्ल्या, पैंजण, मोबाइल, आणि कधी कधी माणसंही. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. इतकी वर्षं पाण्याचा दाब सोसून तो गेला. त्यांच्याशी उजव्या बाजूने बोलायचं.

त्यांनी एवढंच विचारलं, की मी कोणत्या पायरीवर उभी होते. मग घाई न करता पाण्यातल्या पायऱ्या तळपायांनी चाचपत ते उतरले आणि दिसेनासे झाले. पहिल्यांदा वर आले ते कुणाचा तरी पितळी तांब्या घेऊन. दुसऱ्या बुडीत माझा चष्मा आला. काचांवर गाळ होता, पण दोन्ही शाबूत.

मी उजव्या बाजूला जाऊन माझ्या मास्तरकीच्या हिंदीत विचारलं, “इतने गंदले पानी में आपको दिखा कैसे?”

“देखली कहाँ, बहिनजी? आँख त बंद रहल.” ते म्हणाले. “गंगाजी में आँख का कउनो काम नाहीं हौ.” (पाहिला कुठे? डोळे मिटलेले होते. गंगेत डोळ्यांना काहीच काम नाही.)

त्या वाक्याने माझ्या डोक्यात घर केलं. दुपारी जेवताना मी चाचरत कुंदाताईला म्हटलं, की हे गृहस्थ मला बुडी मारायला शिकवतील का.

“तुला? पागल झालीस? तांब्यानं न्हाणारी तू!” ती हसत सुटली. मग मी तिला मार्चमधलं सगळं सांगितलं, ती लाथ, त्या चपला, मुक्ताचं माझ्यासाठी शिकणं सोडणं. ती हसायची थांबली. आमटी वाढता वाढता म्हणाली, “मी बोलते त्यांच्याशी. पण मी पण येणार. टॉवेल धरून कोण बसेल मग?”

दुसऱ्या सकाळी लल्लननी आम्हाला नावेने पलीकडच्या रेतीवर नेलं. तिथे पाणी उथळ आणि संथ असतं. मी सलवार-कमीजमध्ये, कुंदाताई वाळूवर चटई टाकून, हातात टॉवेल आणि डब्यात लाडू. लल्लननी लग्गी (नाव ढकलायचा लांब बांबू) छातीभर पाण्यात तळाशी घट्ट रोवली आणि सांगितलं: बांबू धरायचा. डोळे मिटायचे. छाती फुगेपर्यंत हवा घ्यायची नाही, बेताचीच घ्यायची, नाहीतर पाणी वर फेकून देतं. नाकाने हळूहळू हवा सोडत राहायचं, म्हणजे पाणी आत शिरत नाही. आणि हाताखाली हात घेत बांबूवरून तळाशी जायचं.

“मुट्ठी में माटी आई, तब मानब,” ते म्हणाले. (मुठीत माती आली तरच मानीन.)

हा त्यांच्या वडिलांचा नियम. लहानपणी ही पोरं अर्ध्यातूनच वर यायची आणि तळ लागला म्हणून शपथा घ्यायची. वडील नावेत बसून फक्त मूठ उघडायला सांगायचे.

त्या दिवशी माझ्या मुठीत काही आलं नाही. कानांवर पाणी आलं की मी उसळून वर यायची. आठ-दहा वेळा तेच. थायलंडच्या शिक्षकाने मला ‘छान, छान, फार छान’ म्हणून भंडावून सोडलं होतं. लल्लन नुसती लग्गी पुन्हा घट्ट रोवायचे.

एकदा मात्र त्यांनी विचारलं, “डर लगत हौ?”

“हां. बहुत.”

“त लगे दीजिए. बाँस मत छोड़िए.” (मग वाटू द्या. बांबू सोडू नका.)

चोपन्न वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. घाबरू नकोस, असंच सगळे सांगायचे. दुसऱ्या दिवशी डोकं पाण्याखाली गेलं आणि पाच आकडे होईस्तोवर राहिलं. कुंदाताईने त्या आनंदात एकटीने चार लाडू संपवले.

तिसऱ्या दिवशी लल्लन वेळेवर आले नाहीत. आम्ही घाटावर बसून राहिलो. कुणीतरी सांगितलं, खालच्या घाटावर एक मुलगा बुडाला, तिकडे त्यांना नेलंय. ते दुपारी आले. त्यांनी गमछा धुतला, पिळला, नावेच्या काठावर वाळत घातला. वाचला का, हे विचारायची गरज नव्हती.

मी म्हटलं, “आज रहने दीजिए.”

त्यांचा उजवा कान माझ्याकडे होता. “नाहीं,” ते म्हणाले. “आज त जरूर चलिए.”

ते आम्हाला पुन्हा रेतीवर घेऊन गेले. हा माणूस सकाळी कुणाच्या तरी मुलाला तळातून वर घेऊन आला आणि दुपारी मला तळाशी जायला शिकवायला आला, हे मनातून जाईना. मला त्यांच्याबद्दल इतका आदर वाटला, की स्वतःच्या भीतीला जागा कमी पडली. गेली नव्हती ती.

त्यांनी लग्गी आज माझ्या डोक्यावरून पाणी जाईल इतक्या खोलीवर रोवली आणि स्वतः तिच्या शेजारी पाण्यात राहिले. मी चष्मा कुंदाताईकडे दिला. बेताचा श्वास घेतला आणि डोळे मिटले.

हाताखाली हात. बांबूच्या एकेका पेराला बोटं लागत होती. कानांत गडगड झाली आणि मग एकदम शांत. नाकातून बुडबुडे गालांवरून वर चालले होते, गुदगुल्या होत होत्या. खाली पाणी जास्त गार लागलं. काही दिसत नव्हतं आणि काही बघायचंही नव्हतं. तो निळा धूर इथे नव्हताच. आणखी एक पेर, आणखी एक, आणि बोटं मऊ थंड गाळात रुतली. मी मूठ आवळली.

वर आले तेव्हा कुंदाताई काठावर उभी राहून ओरडत होती, “निकली! अगं निघाली, निघाली!” लल्लननी हाताने खूण केली: उघडा. मी मूठ उघडली. काळसर गाळ, अर्धा बोटांतून निसटलेला. त्यांनी तो निरखून पाहिला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसले.

“ठीक हौ. अब गंगाजी के लौटा दीजिए.” (आता गंगेला परत द्या.)

जिचं तिला परत करायचं, हाही वडिलांचाच नियम. मी हात पाण्यात धरला. गाळ वाहून गेला. मला रडू आलं आणि मी ते अजिबात आवरलं नाही, तोंड ओलंच होतं.

नावेतूनच मी मुक्ताला फोन लावला. “तिकीट काढ. आणि मी किनाऱ्यावर बसणार नाहीये.” तिने मला तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

निघताना लल्लनना नमस्कार केला तेव्हा त्यांनी विचारलं, की समुद्राचं पाणी कसं असतं. मी म्हटलं, स्वच्छ, तळापर्यंत दिसतं. त्यांनी मान हलवली. “त उहाँ दिक्कत होई,” म्हणाले. (मग तिथे अवघड जाईल.)

जानेवारीत बेटावर शिक्षक तोच होता. त्याने मला ओळखलं आणि पाण्याखाली माझ्या पायांपासून जरा बाजूलाच उभा राहिला. मास्कमध्ये पाणी घ्यायची खूण केली. मी डोळे मिटले, पाणी घेतलं आणि नाकाने हळूहळू हवा सोडली. पाणी निघून गेलं. त्याने पुन्हा करायला लावलं, पुन्हा गेलं. दोन दिवसांनी आम्ही खऱ्या समुद्रात उतरलो. नांगराच्या दोराला धरून, हाताखाली हात. तळाशी पोचल्याबरोबर मी काहीही विचार न करता वाळूची मूठ भरली आणि वर करून दाखवली.

तळाला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. शिक्षक माझ्यासमोर बोट नाचवत होता, एवढं त्या निळ्या धुरातही कळलं. मी मूठ सैल केली आणि वाळू जिथली तिथे सोडून दिली. तेवढ्यात मुक्ता आली. गोताखोराच्या नियमाचं मी तिला सांगितलं होतं. ती इतकी जवळ आली की मास्कला मास्क टेकला, आणि वीतभराच्या आत तिचा सगळा चेहरा मला लख्ख दिसला. ती हसत होती, तोंडातल्या नळीच्या कडेने बुडबुडे सुटत होते.

आता ती कॅनडात आहे. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा मी चष्मा काढून ठेवते आणि फोन डोळ्यांजवळ धरते. ती दर वेळी ओरडते, “आई, लांब धर गं, मला तुझं नुसतं कपाळ दिसतंय!”