नंदाच्या सिनेमासाठी पेण ते भिवंडी

भिवंडीला कुणी फिरायला जातं का, असं आमच्याकडे पापड लाटणाऱ्या बायकांनी मला तीनतीनदा विचारलं. मी म्हटलं, कुणी जात नाही म्हणूनच चालले. महाबळेश्वरचं तुम्हाला कुणीही सांगेल. भिवंडीचं कोण सांगणार?

खरं कारण माझी धाकटी बहीण नंदा. ती भिवंडीच्या नारपोलीत लूमच्या कारखान्यात कांडी भरते. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात घालायची सुताची छोटी नळी. तिच्यावर पुण्याच्या मैत्रेयी नावाच्या मुलीनं बारा मिनिटांचा सिनेमा काढला. शॉर्ट फिल्म म्हणतात त्याला. ज्यांच्याकडे कुणी बघत नाही अशा माणसांचा सिनेमा आहे, असं ती मुलगी म्हणाली. नंदानं तिला सांगितलं, "माझ्याकडं बघत न्हाईत कसं? पाच मिनिटं उशीर झाला की सेठ बरोबर बघतो."

बाहेर, पुण्याला धरून दोनतीन शहरांत सिनेमा दाखवून झाला होता, लोक रडले म्हणे. आता नारपोलीत शुक्रवारी दाखवायचा होता. बुधवारी नंदाचा फोन आला. "ताई, तू ये. उद्याच ये. फोनवर सांगत न्हाय." आवाज असा की मी पापडाचं पीठ जाऊबाईंच्या गळ्यात मारलं आणि पिशवी भरली.

गुरुवार

पेणहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, लाजू नका. पनवेलला गाडी बदलायची, कल्याणला उतरायचं, आणि तिथून भिवंडीची शेअर रिक्षा. माणशी भाडं आधी विचारा. माझ्या रिक्षावाल्यानं मागे तिघींना बसवून चौथीला हात केला, तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, चौथीला मांडीवर कोण घेणार, तू का?"

तो म्हणाला, "मौसी, अॅडजस्ट करो, कोनतक खड्डे में सब अॅडजस्ट हो जाता है."

खोटं नाही बोलला. खाडीवरचा पूल ओलांडला आणि कोन गाव येईपर्यंत आम्ही चौघी एकमेकींच्या इतक्या ओळखीच्या झालो की एकीनं मला तिच्या सुनेचं बाळंतपण सांगितलं. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब, दोन्ही बाजूंना गोदामं, आणि पुढं कंटेनर. पाणी जवळ ठेवा, तोंडाला फडकं बांधा. कंबरेचं दुखणं असेल तर हा रस्ता तुमच्यासाठी नाही. नसेल तर परतताना असेल.

दुपारी मी नंदाच्या कारखान्यात गेले. इतक्या वर्षांत कधी आत गेले नव्हते. दारातच माझे कान गेले. बोलायला तोंड उघडलं तर माझं मलाच ऐकू येईना. आणि तिथं सगळे गप्पा मारत होते. खोटं वाटेल, पण लूमवरचा माणूस पंधरा फुटांवरच्या दुसऱ्या माणसाशी मजेत बोलतो, हसतो, भांडतो. आवाज काढायचाच नाही. नुसते ओठ हलवायचे, जरा हात. समोरचा ओठ वाचतो. नंदाच्या समोर शबाना बसते, तीही कांडी भरते. त्या दोघी अशाच बोलतात, नऊ वर्षं झाली. भिवंडीत आलात तर हे बघा, पण गुरुवारपर्यंत या. शुक्रवारी लूम बंद.

मी नंदाला ओरडून विचारलं, "मला कशाला बोलावलंस?" तिनं ओठांनी काहीतरी सांगितलं. मला काही कळलं नाही. शबाना मात्र कपाळाला हात लावून बसली.

बाहेर चहाच्या टपरीवर नंदानं सांगितलं. शूटिंगच्या वेळी मैत्रेयी म्हणाली होती, लूमच्या आवाजात तुमचं बोलणं येणारच नाही, वर संगीत घालू, तुम्ही रोजच्यासारखं बोला. नंदा रोजच्यासारखं बोलली. शबानाशी. त्यात बोलून गेली की प्रणालीचा नाशिकच्या कॉलेजात नर्सिंगचा फॉर्म भरला आणि सासूला सांगितलेलं नाही.

प्रणाली माझी भाची. हुशार आहे, आणि माझ्यासारखी तोंडाळ. तिच्या आजीनं, म्हणजे नंदाच्या सासूनं, जनीआत्यानं, खारबावचं एक स्थळ मनात धरलं होतं. मुलाकडची माणसं पुढच्या महिन्यात सुपारी फोडायला येणार होती. नंदा कॉलेजचं पत्र हातात पडेपर्यंत गप्प राहणार होती.

"मग अडचण काय?" मी म्हटलं. "सिनेमात आवाज नाही ना?"

"ताई, जनीआत्यानं तीस वर्षं लूमवर काढली. तिला आवाज कशाला पायजे?"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. पुण्यात लोक रडले, कारण त्यांना ओठ वाचता येत नाहीत. नारपोलीत सगळा हॉल वाचणार होता.

"तर तिला नेऊच नको," मी म्हटलं.

"सुनेचा सिनेमा हाय. तिनं नवं लुगडं काढून ठेवलंय."

शुक्रवार

सकाळी नंदाकडे तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. भिवंडीत हॉटेलात जाणार असाल तर बिर्याणी खा, स्वस्त आणि भरपूर मिळते. पण आधी कुणाच्या घरी बोलावणं मिळतंय का बघा.

जनीआत्या सत्तरीची आहे. लूमनं कान खाल्ले, त्यामुळे स्वतः मोठ्यानं बोलते आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघते. नव्या माणसाला वाटतं आपल्या दातात काहीतरी अडकलंय. मी तिला सिनेमापासून परावृत्त करायचं ठरवलं. हे काम माझ्यासारखीला देणं म्हणजे बैलाला रांगोळी काढायला बसवणं.

"आत्या, सिनेमा फार रडका आहे म्हणतात."

"मग रडू."

"गरम होईल हॉलमध्ये."

"लूमवर कय एसी होता?"

"माझी कंबर दुखते, तुम्ही माझ्याजवळ थांबा."

"तू झोप. मी येऊन सांगन."

मग मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते. आत्याला जवळचं चष्म्याशिवाय दिसतं, लांबचं नुसतं धुकं. ती लुगडं नेसत असताना मी फळीवरचा चष्मा उचलला आणि माझ्या पिशवीत टाकला. सगळं घर शोधून झालं. मीही शोधला, पलंगाखाली वाकून. कंबर दुखत होती ना, तरीसुद्धा. शेवटी आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पहिल्या रांगेत बसू."

कार्यक्रम चार वाजता, समाजमंदिरात. नमाज आटपून लूमवाले आले, आमची माणसं आली. खिडक्यांना काळा कागद लावलेला, समोर पांढरा पडदा, प्लास्टिकच्या खुर्च्या. मैत्रेयी चोवीस-पंचवीसची, बारीक, खादीचा कुर्ता. मला म्हणाली, "काकू, प्लीज प्रामाणिक मत द्या." ते मला कुणी सांगावं लागत नाही, पण पिशवीत दुसऱ्याचा चष्मा असताना तो शब्द जरा टोचला.

आत्या आणि मी पहिल्या रांगेत. नंदा मागे भिंतीला टेकून, शबानाचा हात धरून.

सिनेमाचं नाव 'मुकं सूत'. सुरुवातीला कांडी गरगर फिरते. मग नंदाचा चेहरा, पडदाभर. लूमचा आवाज हळूहळू जातो आणि बासरी सुरू होते. नंदा समोर बघत ओठ हलवते. सिनेमातच मागून एक बाई गंभीर आवाजात म्हणते, "तिच्या ओठांवर शब्द आहेत. पण ते ऐकणारं कुणी नाही."

आणि सगळा हॉल हसून फुटला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. एक म्हातारे विणकर खुर्चीवरून घसरले. मी वळून शबानाकडे बघितलं, तिनं तोंडावर पदर धरला होता. माझ्या मागच्या माणसानं माझ्यावर दया करून सांगितलं, "बोल रही है, ये कैमरेवाला कब हटेगा, मेरे को बाथरूम जाना है."

बासरी चालूच होती. मैत्रेयी बिचारी कोपऱ्यात उभी, चेहरा असा की दुधाचं पातेलं उतू जातंय आणि फडकं सापडत नाही.

हसताना खुर्च्या हलतात, ते आत्याला कळलं. तिनं माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "कय बोलली? कय बोलली नंदा?" मी सांगितलं. तीही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

मग ते आलं. नंदा मान वाकवून सूत जोडते, वर बघते आणि शबानाला सांगते. पाचसहा सेकंदांचंच. बासरी तीच, दुःखी. मी हॉलकडे बघत होते. हसणारी तोंडं एकेक मिटत गेली. मग सगळ्यांच्या माना हळूहळू पहिल्या रांगेकडे वळल्या. आत्याच्या शेजारची बाई तिच्याकडे बघून पटकन खाली बघायला लागली.

आत्याला एवढं पुरलं. ती माझ्याकडे वळली. "आता कय बोलली? सगळे मना कशाला बघतात?"

"कामाचं काहीतरी," मी म्हटलं.

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मी आयुष्यभर सांगत आले की मी तोंडावर बोलणारी बाई. जावेला बोलले, सरपंचाला बोलले, देवळातल्या पुजाऱ्याला बोलले. आणि इथं एवढ्या माणसांत एका म्हातारीलाच तिच्या घरातली गोष्ट कळू नये म्हणून मी चष्मा चोरून बसले होते. प्रणालीचं कॉलेज वाचवायचं होतं, मान्य. पण ती गोष्ट आता सगळ्या नारपोलीला माहीत होती, एकट्या आत्याला सोडून. उद्या नळावर तिला कुणीतरी हसत सांगितलं असतं.

मी पिशवीतून चष्मा काढला आणि तिच्या हातात दिला. "मी उचलला होता. मघाशी, घरी."

आत्यानं चष्मा लुगड्याला पुसला. फार वेळ पुसला. मग उठली आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, "ए पोरी, परत लाव."

मैत्रेयीला वाटलं सिनेमा आवडला. तिनं आनंदानं परत लावला.

दुसऱ्यांदा बाथरूमवर एकटी आत्याच हसली. बाकी हॉल शिस्तीत बसलेला, वर्गात साहेब आल्यासारखा. मग ते पाचसहा सेकंद. आत्या पुढं वाकली, बघितलं. उठली आणि मागे वळली.

मी वाट बघत होते की आता ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं आवाजच काढला नाही. हॉलच्या या टोकाहून त्या टोकाच्या नंदाला ती ओठांनी बोलायला लागली. नंदानं तसंच उत्तर दिलं. आत्याचा एक हात कमरेवर, दुसरा हवेत. नंदा रडत होती आणि तरी ओठ थांबत नव्हते. सगळ्यांच्या माना कबड्डी बघितल्यासारख्या इकडून तिकडे. अख्ख्या हॉलमध्ये दोघींनाच काही कळत नव्हतं, मला आणि मैत्रेयीला. मैत्रेयी माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "काकू, काय चाललंय?" मी म्हटलं, "तूच सांग, सिनेमा तुझा आहे."

शेवटी मी शबानाजवळ गेले. ती एक एक सांगत गेली. "अम्मा बोली, मेरे मुँह पे क्यों नहीं बोली? मशीन को बोला, दुनिया को बोला, मेरे को नहीं? नंदा बोली, तुम ना बोलती. अम्मा बोली, हाँ, बोलती. लड़ती. फिर तू भी लड़ती. चोरी काय कू?"

"आणि प्रणालीचं?"

शबानानं बोट ओठांवर ठेवलं. आत्या अजून बोलत होती. मग ती खाली बसली आणि पदरानं तोंड पुसलं. शबाना म्हणाली, "बोली, मेरे को शादी का किसीने पूछा नहीं था. पहले होस्टल देखूँगी. तबतक खारबाववाले रुकेंगे."

हो नाही म्हणाली, पण नाहीसुद्धा नाही म्हणाली.

चहा आला. मैत्रेयी शबानाशेजारी वही घेऊन बसली आणि बारा मिनिटांत कोण काय बोललं ते लिहून घेऊ लागली. सहा महिने बसून तिनं तो सिनेमा कापला-जोडला होता. मी तिला म्हटलं, "पोरी, मुक्या बायकांवर सिनेमा काढायचा तर आधी मुक्या बायका शोधायच्या. भिवंडीत मिळणार नाहीत." ती हसली, पण डोळे भरले होते. मग मीच तिला माझ्यातला अर्धा वडा दिला. मुलगी मनाची चांगली आहे. कुणीच येत नाही तिथं ती आली, हे काही कमी नाही.

शनिवार, आणि नंतर

परतीला सकाळी लवकर निघा, कंटेनर रस्त्यावर यायच्या आधी. निघताना आत्यानं मला सुका जवळा बांधून दिला आणि म्हणाली, "माझ्या घरात परत आलीस तर पिशवी दाखवून जाशील." एवढंच. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सगळा खर्च, जाऊन येऊन, पाचशेच्या आत. बायका विचारतात, काय बघितलंस भिवंडीत? सांगायला किल्ला नाही, समुद्र नाही. मी इतकंच सांगते की माझ्या बहिणीला मी गरीब, दबलेली समजत होते. तिकडं जाऊन बघितलं तर ती सासूशी भर सभेत भांडून सरळ उभी होती, आणि सासूही तिच्या तोडीची होती. एकीला वाचवायला मी गेले, आणि दोघींनाही माझी गरज नव्हती. हे घरी येऊन चार दिवस खटकलं. मग बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी आत्या नंदाला घेऊन नाशिकला गेली. होस्टेल बघितलं. खाटा अरुंद आहेत आणि वरण पाणचट आहे, असं तिनं वॉर्डनला तोंडावर सांगितलं. येताना वाट वाकडी करून खारबावला जाऊन मुलाकडच्यांना काय सांगायचं ते सांगितलं.

काल मैत्रेयीचा नंदाला फोन आला. तिनं बासरी काढून टाकली, लूमचा आवाज ठेवला, आणि कोण काय बोलतंय ते खाली लिहिलं. फक्त ते एक वाक्य ठेवू की काढू, विचारत होती, कारण नंदा त्यात म्हणते, बुढिया को नहीं बताया. नंदानं फोन बाजूला ठेवून आत्याला विचारलं.

आत्या म्हणाली, "ठेव म्हणावं. बुढिया पण ठेव, बोलली हाय ती तसंच. फक्त त्याच्या खाली एक ओळ लिव, बुढियानं नंतर हो म्हटलं."