आई, टीच म्हण

माझ्या भावाने पुण्यात स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, केरळची. त्याचं मला काहीच वाटलं नाही. धडकी भरली ती आईच्या पुढच्या बोलण्याने.

"तिच्या मायसंग मीच बोलीन."

"अगं, त्यांना मराठी येत नाही. हिंदीही नाही."

"मंग इंग्रजीत बोलीन. तू कायले आहे?"

मी यवतमाळला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. बाबा गेल्यापासून आई गावचं, बोरी अरबचं घर बंद करून माझ्याकडे राहते. कॉलेजातून घसा सुकवून यायचं आणि घरी पुन्हा तोच तास घ्यायचा, हे माझ्या नशिबी आलं.

सुरुवात 'लर्न'पासून केली. सोपा शब्द, रोज लागणारा. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी म्हटलं, "आय ॲम लर्निंग इंग्लिश." तिने ते बरोबर म्हटलं. मला उगाच हुरूप आला. म्हटलं, आता स्वतःचं वाक्य कर.

"आय लर्न माय डॉटर स्वयंपाक."

"आई, तू शिकलीस की मला शिकवलंस?"

"शिकवलं."

"मग टीच. टीच म्हण."

"काहून? शिकणं आन् शिकवणं. मधात एक 'व' टाकला का झालं. या इंग्रजायले सारा शब्दच नवा लागते?"

मी कपाळाला हात लावला. अकरावीची पोरं हीच चूक करतात तेव्हा मार्क कापता येतात. आईचे काय कापणार?

दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, की एखादी बातमी कळली तरी लर्नच म्हणतात. तिने शेंगांचं सूप खाली ठेवलं. "पोट्ट्यानं परस्पर लग्न जमवलं हे मले कळलं. त्यात मी शिकली काय?" त्यावरून भावाचा उद्धार सुरू झाला आणि तास तिथेच संपला. पुढचे दिवसही असेच गेले. मी टीच म्हणायची, ती मान डोलवायची आणि पुन्हा लर्नवर यायची.

रविवारी दुपारी भावाने पुण्याहून व्हिडिओ कॉल जोडून दिला आणि स्वतः त्यातून बाहेर पडला. पडद्यावर मुलीची आई एकटीच, अवघडून बसलेली. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला, घसा खाकरला आणि सुरू झाली, "आय लर्न युवर डॉटर भाकर!"

"टीच, टीच," मी मागून कुजबुजले. आईने माझा हात झटकला.

पलीकडच्या बाई खुलल्या. "येस, येस! आय लर्न हर, लर्न हर, शी नॉट लर्न!"

मी खुर्चीत मागे रेलले. जावो तिकडे सगळं व्याकरण.

मग आईने विचारलं, "मिस्टर कुठं? व्हेअर?"

बाईंनी हळूच फोन फिरवला. मागे पलंगावर एक खंगलेले गृहस्थ पडून होते. त्यांनी झोपल्या झोपल्याच हात जोडले. "हार्ट ऑपरेशन," बाई म्हणाल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवत बसले. शेवटी आई सरळ आपल्या बोलीतच म्हणाली, "बाई, तुम्ही तरी जेवता का नाई वेळेवर?" बाईंना काय कळलं कोण जाणे, त्यांनी मान हलवली आणि पदराने डोळे पुसले.

कॉल संपल्या संपल्या आईने भावाला फोन लावायला सांगितलं.

"काहून नाई सांगितलं मले?"

"अगं, तिचे बाबाच नको म्हणाले. लग्न पुढे ढकला म्हटलं तर मुलाकडचे काय म्हणतील, याची भीती त्यांना."

"मुलाकडचे म्हणजे मीच ना? मले कोणी विचारलं? तो माणूस उठून बसल्याबिगर लग्न होत नाई. उन्हाळ्यात करू."

झालं. तारीख पुढे गेली म्हणून हॉलवाल्याला, आचाऱ्याला, नातेवाइकांना फोन करायचे कोणी? मी. प्रत्येक जण खोदून खोदून विचारत होता, काही बिनसलं का? प्रत्येकाला तेच तेच सांगून माझं तोंड दुखलं. आई मात्र दर रविवारी केरळला फोन लावून बसायची. मला खोलीत यायलाही बंदी. म्हणे, "तू मधामधात टोकते."

लग्न उन्हाळ्यात, यवतमाळातच झालं. मुलीचे वडील स्वतःच्या पायांनी हॉलमध्ये आले, अक्षता पडेपर्यंत खुर्चीत ताठ बसले. आई पूर्ण वेळ विहीणबाईंना खेटून बसली होती. दोघींचं काय चाललं होतं ते त्यांनाच ठाऊक. विहीणबाईंच्या नादात आपल्याला कोणी विचारलंही नाही म्हणून आमची आत्या जेवणाच्या पंगतीतून उठून बाहेर जाऊन बसली. तिची समजूत काढायला आईने अर्थातच मला पाठवलं.