कुठनं कुठवर?

भोईर सरांना "एवढं दुरुस्त करून द्या ना" म्हटलं की ते हात मांडीवरच ठेवायचे. "कुठनं कुठवर? ते सांग आधी." शहापूरला त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि मी तिथे शिकवायला होते. माउस त्यांना आवडत नसे. काळ्या पडद्यावर फाइलचं नाव, पहिल्या ओळीचा आकडा, स्वल्पविराम, शेवटच्या ओळीचा आकडा. एंटर मारलं की तेवढ्याच ओळी बाहेर, बाकीची फाइल जागच्या जागी. "अख्खं शेत कशाला तुडवायचं गो? काम ज्या खाचरात, त्याच खाचरात उतरायचं." डोकं दुखतंय म्हणून सुट्टी मागितली तरी "कुठनं कुठवर?" अस्सा राग यायचा!

त्यांची आई किन्हवलीकडची नावाजलेली धवलारीण. लग्नविधीत गायचे सगळे धवळे तिला तोंडपाठ. ती थकत चालली तसे सर रोज तिच्यापुढे बसून टाइप करायला लागले. ती बोलेल ते सगळं. म्हणायचे, "आधी सगलं येऊ दे, निवडायचं मागनं." निवडायला बसण्याआधीच ती गेली.

पुढच्याच उन्हाळ्यात सरांच्या भाचीची हळद. आजीच्या धवळ्यांशिवाय हळद लावून घेणार नाही, असा पोरीचा हट्ट. गाणी होती फक्त त्या फाइलीत. सरांनी घाईघाईने हळदीच्या ओळी छापल्या आणि आम्ही मांडवात पोहोचलो. त्यांची मावशी कागदावरची एकेक ओळ म्हणायची, बायका तीच मागून उचलायच्या. छान रंग चढला. धवळा संपला, पण कागदावरच्या ओळी संपल्या नव्हत्या. मावशीने त्याच चालीत पुढची ओळ लावली, "थांब रे बाला, घसा सुकला, पानी दे." बायकांनीही ती सवयीने उचलली.

अगं बाई! आधी हसू फुटलं, मग ते बोलणं कुणाचं ते उमगलं. नवरीची आई, म्हणजे सरांची बहीण, उठून आत गेली. तिने पाण्याचा तांब्या भरून आणला आणि मावशीशेजारच्या रिकाम्या पाटावर ठेवला. मग पोरीने हळदीसाठी गाल पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सर क्लासात खाली मान घालून बसलेले. "शेवटचा आकडा चुकला गो माझा." मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "सर, असल्या ओळी मी पुसूनच टाकते. पुन्हा घोळ नको."

त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला.

"नाय, पुसू नको. गानी सगल्या गावाची हायेत. आई माझ्याशी बोलली, ते येवढंच हाय."