भरडखोलच्या बंदरावरची पहिली भवानी

समुद्र बघायला जायचं, हे माझ्या नणंदेनं ठरवलं. सिंधू यवतला दिलेली. म्हणाली, "वहिनी, दादा गेल्यापासून तुम्ही कुठंच गेला न्हाई. आता मी नेते." आमचे मालक कुरकुंभला कंपनीत होते. दर दिवाळीला समुद्राचं नाव काढायचे आणि सुट्टी मिळायची नाही. मी समुद्र पुस्तकांतच पाहिलेला. पिशवी भरली आणि न्हावऱ्याहून निघाले.

जाणाऱ्या बायांसाठी सांगते. चौफुल्यावरून स्वारगेट आणि तिथून श्रीवर्धनची एसटी. आपल्याला अर्धं तिकीट. ताम्हिणी घाटात पोट ढवळतं, तेव्हा सकाळी पोटभर खाऊ नका आणि पुढच्या बाकावर बसा. श्रीवर्धनहून भरडखोलला रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवा. आम्ही एका कोळी कुटुंबाच्या घरात उतरलो. जेवण धरून खोली परवडली. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण खाताना सिंधू म्हणाली, आपल्या नदीच्या माशाला ही चव असती तर मी माहेर सोडलंच नसतं.

गाव शांत आहे. दुपारी माणसं सावलीला जाळी शिवत बसतात, होड्यांवरचे झेंडे तेवढे फडफडतात. संध्याकाळी मी पदर खोचून पाण्यात उभी राहिले. मालक असते तर माझ्या आधी शिरले असते. बराच वेळ बाहेर यावंसं वाटलं नाही.

सकाळी होड्या लागतात तेव्हा बंदरावर जाच. एका कोळणीनं नुकतीच टोपली मांडली होती. मांदेली चकचकीत होती. मी वाटा निवडला, पिशवी पुढं केली, तेवढ्यात सिंधूनं मनगट धरून मला मागं ओढलं.

"तुम्ही नगा, वहिनी. त्यांची भवानी व्हायची हाय. पैसं मी देते."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती माझ्या हातून झाली तर त्या बाईचा दिवस वाईट जाईल, असं तिला म्हणायचं होतं. कोळणीनं सगळं ऐकलं. घेताय का नाय ते सांगा, ऊन चढतंय, एवढंच ती म्हणाली.

गावात हळदीकुंकवाला बाया माझं दार टाळून शेजारी जातात, ते मी गिळलंय. पण इथं मला कोण ओळखत होतं? ज्या गावात मी फक्त एक गिऱ्हाईक होते, तिथंही हिनं मला विधवा करून उभं केलं. माझं डोकं सटकलं.

"सिंधू, गेला तो तुझा भाऊ व्हता ना? मग सगळं माझ्याच हाताला कसं चिकटलं? तुझ्या हाताला काहीच न्हाई?"

तिनं मनगट सोडलं. मी पैसे दिले. कोळणीनं नोट कपाळाला लावून बटव्यात टाकली आणि मूठभर मांदेली वर घातली.

परतताना सिंधू घाटात रडली. भावासाठी की माझ्या बोलण्यानं, मी विचारलं नाही. रडणं बघूनही माझा राग उतरला नाही. यवतला न उतरता ती चौफुल्यापर्यंत आली, माझी पिशवी उचलून न्हावऱ्याच्या एसटीपर्यंत नेली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली.

भरडखोलला जरूर जा. मी पुन्हा जाणार आहे, आणि एकटी.

मागच्या आठवड्यात सिंधूचा फोन आला. सुनेचं डोहाळजेवण आहे, वहिनी, नक्की या. मी विचारलं, ओटी भरायला येऊ की नुसतं जेवायला? ती म्हणाली, घरात विचारून सांगते.

कार्यक्रम रविवारी आहे. आज शुक्रवार. तिचा फोन आलेला नाही, आणि मी नुसतं जेवायला जाणार नाही.