स्वखुशीचे अर्ज

"बोलू का मी?" असं विचारून मावशी पदर कमरेला खोचायच्या आणि उत्तराची वाट न बघता बोलायला लागायच्या. ती परवानगी नव्हती. समोरच्याला पळून जाण्यासाठी दिलेली ती शेवटची संधी होती. मी ती संधी पुष्कळदा घेतलेली आहे.

तुमच्या शाळेतही अशा एक मावशी असतील. घंटा देणाऱ्या, वर्ग झाडणाऱ्या, पहिलीतलं पोर रडायला लागलं की त्याला कडेवर घेणाऱ्या. आमच्या मावशी हे सगळं करायच्या, पण रागारागाने. पोराचं नाक पुसता पुसता त्याच्या आईबापाचा उद्धार चालू असायचा, आणि पोर मात्र त्यांच्या पदराला घट्ट धरून उभं असायचं.

मी त्याच शाळेत कारकून होतो. शाळेच्या कारकुनाला सगळे 'भाऊसाहेब' म्हणतात. हातात काही नसलेल्या माणसाला निदान नाव तरी भारदस्त असावं, म्हणून असेल. माझं अक्षर तेवढं चांगलं होतं. मुख्याध्यापक पाहुण्यांना म्हणायचे, "आमच्या भाऊसाहेबांचं अक्षर म्हणजे छापील!" आणि मी मान खाली घालून खूश व्हायचो. त्या खुशीचा आज मला इतका राग येतो की काय सांगू.

छावणीत आमच्या खोल्याही शेजारी शेजारी होत्या. गावाचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आमच्या ओळीत सहा बिऱ्हाडं होती, त्यातली चार आम्हा ख्रिस्ती लोकांची. मावशी विधवा, एकट्या. एक मुलगी, ती जालन्याला दिलेली. भिंत एक, शाळा एक, चर्च एक. त्यामुळे मला त्यांच्या रागातून सुट्टी अशी कधी मिळालीच नाही.

चर्चमध्येही तेच. एकदा नाताळच्या भक्तीला पाळकसाहेबांचा उपदेश दीड तास चालला. दारात हात मिळवताना मावशी म्हणाल्या, "बोलू का मी? ते बाळ गव्हाणीत पडलंय थंडीत अन् तुम्ही अजून अब्राहामापाशीच! इकडं आमचा रस्सा आटला." पुढच्या वर्षी उपदेश पाऊण तासात संपला. त्याचं श्रेय पाळकसाहेबांनी पवित्र आत्म्याला दिलं.

नाताळ जवळ आला की मावशींच्या रागाला भरती यायची. आमच्याकडे नानकटाई घरी भाजायची पद्धत नव्हती. तूप-साखर फेटून, रवा-मैदा मळून, डबे घेऊन छावणीच्या बाजारातल्या बेकरीत जायचं. दुपारी पाव निघाले की भट्टी आमच्यासाठी मोकळी व्हायची. प्रत्येक घराचे पत्रे वेगळे, आणि ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाची खूण वेगळी. आमच्या नानकटाईवर चारोळी, मावशींच्या नानकटाईवर काट्याचमच्याने ओढलेल्या तीन रेघा.

"चाचा, पिछले साल तुम मेरी नानखटाई जलाये थे," मावशी भट्टीसमोर कमरेवर हात ठेवून म्हणायच्या. "इस साल जलाये तो देखो!"

बेकरीवाले चाचा लांब दांड्याचं फावडं आत सारत म्हणायचे, "अगे बहन, तू जरा पीछे सरक. तेरे सामने खडे रहने से ज्यादा गरम हो रही भट्टी."

मावशी हसू दाबायच्या. ते त्यांना नीट जमायचं नाही, मग त्याचाही राग माझ्यावर निघायचा: "भाऊसाहेब, दात काय काढता? पत्रा धरा!"

त्या वर्षीच्या डिसेंबरात मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. नववीची सहामाही होऊन गेली होती. पुढच्या वर्षी दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा असं त्यांनी ठरवलं होतं, आणि शंभर टक्क्यांचा त्यांना माहीत असलेला उपाय सोपा होता. जी पोरं नापास होतील असं वाटतं, ती नववीतच शाळेतून काढायची. पण काढली असं दिसता कामा नये. पालकांनीच अर्ज करून दाखला मागायचा.

"पाच अर्ज लिहा," ते म्हणाले. "मजकूर नेहमीचा."

नेहमीचा म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आधीच्या वर्षीही मीच लिहिले होते. 'माझ्या पाल्याचे पुढील शिक्षण अन्यत्र घेण्याचे आम्ही स्वखुशीने ठरविले असून, त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा ही नम्र विनंती. शाळेविरुद्ध आमची कोणतीही तक्रार नाही.' पालकांना बोलवायचं, तुमच्या मुलाला हे झेपत नाही असं समजावायचं आणि तयार कागदावर सही घ्यायची. बहुतेक जण 'सर सांगतात म्हणजे बरोबरच' म्हणून सही करायचे.

मी चार अर्ज लिहिले. यादीतलं पाचवं नाव वाचलं आणि पेन थांबलं. आशिष. माझा मुलगा.

"सर, हा पण?"

"घरचाच मुलगा आहे. तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको," सर म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, इथे मी टेबलावर हात आपटला असेल. मी पाचवा अर्ज लिहिला. तसाच. वेलांट्या सारख्या, शिरोरेघ सरळ. फक्त सही करायची तेवढी ठेवली. म्हटलं, बायकोला दाखवतो. म्हणजे तिला सांगण्याचं धैर्य नव्हतं, म्हणून कागदाने सांगावं असं मनात होतं.

पण कागदानेही सांगितलं नाही. घरी गेलो तर सुनंदा करंज्या लाटत होती आणि आशिष दारात बांबूच्या कामट्यांचा तारा बांधत बसला होता. पतंगी कागद, खळीचं भांडं, सुतळी असा सगळा पसारा मांडून. गणितात त्याला सात मार्क होते, पण ताऱ्याचे पाचही कोन त्याने बिनचूक बांधले होते. मी अर्ज फडताळात पिठाच्या डब्याखाली सरकवला आणि चहा मागितला.

थोड्या वेळाने मावशी आल्या. त्यांच्याकडचा मैदा कमी पडला होता. "उठू नको ग, मी घेते," असं सुनंदाला म्हणत त्यांनीच डबा उचलला आणि कागद त्यांच्या हातात आला.

मावशींचं शिक्षण चौथीपर्यंत. त्या एकेक अक्षर लावून, मोठ्यानेच वाचायच्या. "मा-झ्या... पा-ल्या-चे..." मी म्हटलं, "अहो, ते ऑफिसचं आहे." त्यांनी हातानेच गप्प केलं. "आ-शि-ष..." सुनंदाचं लाटणं थांबलं. "स्व-खु-शी-ने..." दारात आशिषच्या हातातली सुतळी थांबली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लांब अर्ज. मी तो तीन मिनिटांत लिहिला होता.

या वेळी मावशींनी 'बोलू का मी' विचारलं नाही.

"कुणाची खुशी ही?" त्या म्हणाल्या. "हिची? ह्या पोराची? का तुमची?"

"मावशी, सरांनीच..."

"सर गेले खड्ड्यात! अक्षर तुमचं हाय. किती लिहिले असले?"

"यंदा पाच."

"म्हंजे काल त्या चौघांच्या घरी शाळेत भेटा म्हणून चिठ्ठ्या मीच देऊन आले. मला वाटलं, अभ्यासाचं समजावून सांगत्यात." त्या मटकन खाली बसल्या. मग एकदम उसळल्या. "माझा दाखला माझ्या बापानं काढला चौथीतून. पण त्याला निदान वाचता येत नव्हतं. तुम्हाला येतं!"

सुनंदाने पिठाचे हात पुसले, कागद घेतला आणि चुलीत घातला. गॅस होता आमच्याकडे, पण त्या दिवशी फराळासाठी अंगणात चूल पेटवलेली होती. एवढं बरं झालं.

दुसऱ्या दिवशी मावशी सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या. मला बोलावणं आलं. आतला आवाज मैदानापर्यंत जात होता, त्यामुळे सर घाईत होते. "ठीक आहे, भाऊसाहेब," ते म्हणाले, "तुमच्या मुलाचं राहू द्या. झालं समाधान?"

मी "थँक्यू सर" म्हणालो. वाकून म्हणालो.

"अन् बाकीचे चार?" मावशींनी विचारलं.

"त्यांचे पालक सकाळीच सह्या करून गेले. त्यांच्या मर्जीने."

मी मावशींचा हात धरून त्यांना बाहेर काढू लागलो. आमचं काम झालं होतं ना! त्यांनी हात झटकला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मुख्याध्यापक परवडले.

चोवीस तारखेला दुपारी शाळा सुटली. मी बाजारातून एक लहानसा केक घेऊन शीळ घालत घरी आलो. ओट्यावर मावशी उभ्या. "तुमचा वाचला, म्हणून केक? बोलू का मी?"

"बोला," मी म्हणालो. पळण्याची संधी मी त्या दिवशी पहिल्यांदा सोडली.

"सुनंदा, चार ताटं भर. भाऊसाहेब, ते चार अर्ज तुमच्याच कपाटात हायत ना? घेऊन या."

नाताळच्या आदल्या दिवशी फराळाची ताटं शेजारीपाजारी वाटायची रीतच आहे. आम्ही ती त्या चार घरी वाटायला निघालो. माझ्या जुन्या स्कूटरवर मागे मावशी, त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत रुमालाने बांधलेली ताटं, आणि माझ्या शर्टाच्या आत शाळेच्या फाइलीतून काढलेले चार कागद. मला इतका घाम सुटला होता की अर्ज भिजून शाई फुटेल असं वाटत होतं. फुटली असती तर बरं, असंही वाटत होतं.

पहिलं घर अझहरचं, छावणीतच. त्याचे अब्बा मोटारींचे सीट शिवायचे. मावशींनी ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, "हे नाताळचं. अन् ह्यांनी एक कागद आणलाय, तो ऐका. वाचा, भाऊसाहेब."

मी वाचलं. स्वतःचंच सुंदर अक्षर, दुसऱ्याच्या दारात उभं राहून. 'आम्ही स्वखुशीने ठरविले असून...' इथे आवाज खाली आला. "मोठ्यानं," मावशी म्हणाल्या.

अब्बा शांतपणे ऐकत होते. "म्हणजे मी असं लिहून दिलं?"

"तुम्ही नाही. मी," मी म्हणालो.

त्यांनी कागद घेतला, दोनदा फाडला आणि तुकडे खिशात ठेवले. मग नानकटाईचा एक तुकडा मोडून म्हणाले, "चाचाच्या भट्टीची ना? बसा, चहा घ्या." मला त्या चहापेक्षा चार शिव्या चालल्या असत्या.

दुसऱ्या घरच्या बाईने रडत रडत कागद फाडला. तिसऱ्या घरी बापाने आधी मला दोन खरमरीत शब्द ऐकवले आणि मग फाडला. त्या शब्दांचं मला बरं वाटलं.

चौथं घर मुकुंदवाडीला, रेल्वे स्टेशनच्या मागे. मनीषाचं. दिवे लागले होते. तिच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद मागितला. त्यांनी तो फाडला नाही. घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवला.

"कळलं," ते म्हणाले. "पण खरं सांगू का मावशी, सरांनी बोलावलं तवा बरंच वाटलं. तिचं जमलंय एका ठिकाणी. घरातून काढली म्हणलं तर लोकं बोलत्यात. शाळेनंच काढली म्हणलं की कुणी बोलत नाय."

मावशी तापल्या. वय सांगितलं, कायदा सांगितला, देव सांगितला. तो माणूस हात जोडून "व्हय मावशी, व्हय मावशी" म्हणत राहिला. मनीषा आतल्या दाराला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मावशींनी मात्र तिच्याकडे बघितलं, आणि त्यांचं बोलणं तिथंच थांबलं. परत येताना स्कूटरवर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला सवय नव्हती. मी दोनदा मागे वळून पाहिलं, आहेत ना म्हणून.

जानेवारीत तीन मुलं वर्गात येऊन बसली. चार अर्ज कपाटातून गेले कुठे, याचा मुख्याध्यापकांनी शोध लावला आणि तो मावशींपाशी संपला, कारण त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं, "मी नेले." मी शेजारीच उभा होतो. 'आम्ही नेले' एवढं म्हणायला दोन शब्द लागतात.

मला वाटलं, आता सर मावशींचा राजीनामा मलाच लिहायला सांगतील. 'मी लिहिणार नाही, सर,' हे वाक्य मी दोन दिवस घोकलं. अंघोळ करताना, भाजी आणताना, निरनिराळ्या आवाजांत. पण मावशी मानधनावरच्या होत्या. त्यांना तोंडी सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नका. कागद लागलाच नाही. माझ्या शौर्याची तयारी तशीच राहून गेली.

फेब्रुवारीत मावशी मुलीकडे जालन्याला गेल्या. सामान टेम्पोत चढवताना माझ्यावर ओरडत होत्या, "भाऊसाहेब, कपाट आडवं धरा! आडवं कळतं का?" सुनंदाच्या गळ्यात पडून रडल्या. आशिषला म्हणाल्या, "गणितात नापास झालास तर जालन्याहून येऊन मारीन." तो दहावीला पास झाला, काठावर. निकाल घेऊन तो आधी जालन्याला गेला, मग घरी आला. जालन्यालाही मावशींनी त्याला शिव्याच दिल्या म्हणे, आणि जेवू घातलं.

पण हे नंतरचं. मावशी गेल्या त्या वर्षीच्या नाताळात सुनंदाने पुन्हा चार ताटं भरली. तीन घरी आशिष जाऊन आला. चौथं मी घेतलं आणि मुकुंदवाडीला गेलो.

दार मनीषानेच उघडलं. अंगावर साडी, गळ्यात मंगळसूत्र. माहेरी आली होती. तिने माझ्या हातातलं ताट पाहिलं, मग माझ्या मागे स्कूटरकडे पाहिलं.

"मावशी नाय आल्या?"

"त्या जालन्याला असतात आता."

"मग तुम्ही कशाला आलात?"

मी ताट पुढे केलं. आतून तिच्या आईने विचारलं, "कोण हाय गं?"

"कोणी नाय," मनीषा म्हणाली. "शाळेतले."