पार्टीच्या गाण्यातली थाप

मंडळी, आज दुपारचंच सांगते. बाबांच्या बँकेतल्या बदलीमुळे मी जयपूरला कॉलेजात आहे. कुणालाच माहीत नसलेले बँड शोधायचा मला नाद, म्हणून वर्गाच्या पार्टीची गाणी मीच निवडते.

आज मी इथल्याच एका नव्या बँडचं गाणं लावलं. शेवटी गिटार थांबते, दारावर थाप पडते आणि एक मुलगी वैतागून म्हणते, "भैया, बंद करो ना, कल मेरा पेपर है!" दुसऱ्यांदा लावलं तेव्हा अख्खा हॉल ती ओळ ओरडत होता. मीसुद्धा.

माझी मैत्रीण नेहा म्हणाली, "ये तो तेरी आवाज है यार." मी हसले. मग आठवलं.

गेल्या वर्षी इथेच जयपुरात, शास्त्रीनगरला आमच्या वरच्या मजल्यावर चार मुलं भाड्याने राहायची. रोज संध्याकाळी ड्रम, गिटार, गाण्यांचं रेकॉर्डिंग. बारावीच्या इंग्रजीच्या आदल्या दिवशी मी वर जाऊन दार बडवलं होतं. तरी थांबेनात, तेव्हा बाबांनी घरमालकाला फोन केला. आठवड्याभरात त्यांना खोली सोडावी लागली.

स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकला की ओळखू येत नाही, हे खरं आहे.

आत्ता बँडच्या पेजवर मेसेज लिहायला बसलेय. 'सॉरी' लिहिलं, खोडलं. तुम्ही काय लिहिलं असतं?

मला एवढंच सुचतंय: पेपर चांगला गेला.